बिंब, प्रतिबिंब आणि तिसरी प्रत

(हीरक महोत्सवी माजी विद्यार्थी-पालक मेळाव्यातील भाषण)



भिलाईच्या कुठल्याही घरात ‘स्टँडबाय’ या शब्दाचा अर्थ सांगत बसावे लागत नाही. २ फेब्रुवारी १९५५ रोजी भारत आणि सोव्हिएत संघ यांच्यात पोलाद कारखान्याचा करार झाला. ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. आणि तेव्हापासून या नगरीने एक गोष्ट अंगी बाणवली, की भट्टी ही घरातली चूल नव्हे. ती वाटेल तेव्हा विझवता येत नाही आणि वाटेल तेव्हा पेटवताही येत नाही. तिला वारा पुरवणारे यंत्र अकस्मात थांबले तर आतला रस गोठण्याची भीती असते. म्हणून एक यंत्र चालते आणि दुसरे सज्ज उभे असते. तीस-पस्तीस वर्षे तीन पाळ्यांत राबलेल्या माणसाला ‘दुसरे यंत्र कशाला?’ असा प्रश्न कधी पडत नाही.

तोच माणूस निवृत्त होऊन घरी येतो. घरात एक संगणक असतो. बहुधा मुलाने सुपेल्याच्या किंवा पॉवर हाऊसच्या बाजारातून सुटे भाग आणून, दोन रविवार खर्ची घालून जोडलेला. त्या संगणकात हार्ड डिस्क मात्र एकच. आणि त्या एका डिस्कवर काय नसते? वर्ध्याहून किंवा भंडाऱ्याहून आलेल्या आजोबांचा सेक्टरमधल्या नव्याकोऱ्या क्वार्टरसमोर काढलेला फोटो, कॅसेटवरून उतरवून घेतलेल्या आजीच्या जात्यावरच्या ओव्या, मुंजीचे आणि लग्नाचे चित्रीकरण, शाळेच्या स्नेहसंमेलनातील नाटुकली, गणेशोत्सवाच्या वर्गणीचे हिशेब. मूळ कागद कुठे आहेत असे विचारले तर उत्तर ठरलेले असते. काही वाळवीने खाल्ले, काही क्वार्टर रिकामे करताना रद्दीत गेले. ‘कॉम्प्युटरमध्ये आहे ना!’ एवढ्या एका आश्वासनावर ते गेले.

त्या आश्वासनाची परीक्षा घेणे हा या भाषणाचा विषय आहे. घरी जोडलेल्या संगणकात एकाच्या जागी दोन डिस्क बसवून त्यांना एकमेकींचे प्रतिबिंब कसे करावे, तसे केल्याने काय वाचते आणि काय मुळीच वाचत नाही, याचा विचार एका मराठी शाळेच्या साठीच्या वर्षात अवश्य व्हावा.

हार्ड डिस्क हे मुळात फिरते यंत्र आहे. आयबीएम कंपनीने १९५६ मध्ये आणलेल्या पहिल्या डिस्क-यंत्रात २४ इंच व्यासाच्या ५० तबकड्या होत्या आणि त्या कपाटाएवढ्या यंत्रात ५० लाख अक्षरे मावत. आज तळहातावर मावणाऱ्या डिस्कमध्येही तत्त्व तेच. चकचकीत तबकड्या मिनिटाला ५,४०० किंवा ७,२०० फेरे घेतात आणि त्यांच्यावर लेखन-वाचन करणारे टोक केसाच्या जाडीहून हजारो पटींनी कमी अंतरावर तरंगत असते. जे फिरते ते झिजते, आणि जे झिजते ते एक दिवस थांबते. थांबण्यापूर्वी ते सूचना देईलच असे नाही. गूगलच्या अभियंत्यांनी २००७ मध्ये एक लाखाहून अधिक डिस्कांचा अभ्यास प्रसिद्ध केला. डिस्क स्वतःच्या प्रकृतीची जी नोंद ठेवते, तिच्यातील सर्वांत बोलक्या चार खुणा त्यांनी तपासल्या. आणि निकामी झालेल्या डिस्कांपैकी निम्म्याहून अधिक डिस्कांत त्या चारांपैकी एकही खूण उमटलेली नव्हती. ‘खरखर आवाज येऊ लागला की बघू’ असे म्हणणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे.

यावरचा उपाय संगणकक्षेत्रात जुना आहे. १९७०च्या दशकात टँडम या अमेरिकी कंपनीने बँकांसारख्या ठिकाणी, जिथे क्षणभरही थांबून चालत नाही तिथे, प्रत्येक नोंद एकाच वेळी दोन डिस्कांवर लिहिण्याची व्यवस्था केली होती. १९८८ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कले येथील डेव्हिड पॅटरसन, गार्थ गिब्सन आणि रँडी कॅट्झ यांनी एक निबंध लिहिला. त्या काळच्या एका अवाढव्य, महागड्या डिस्कऐवजी छोट्या संगणकांच्या पुष्कळ स्वस्त डिस्क एकत्र जुंपाव्यात, असे त्यांचे म्हणणे. पण त्यांनी हिशेबही प्रामाणिकपणे मांडला. एका डिस्कचे सरासरी आयुष्य ३०,००० तास धरले, तर १०० डिस्कांच्या जथ्यात पहिली डिस्क सरासरी ३०० तासांतच, म्हणजे दोन आठवडे पुरे होण्याच्या आत, दगा देणार. म्हणजे जास्तीच्या डिस्क घेऊन त्यांच्यावर सामान नुसते वाटून ठेवले तर धोका वाढतो. डिस्क वाढवायच्या तर त्यांतल्या काही दुसरीची पाठराखण करण्यासाठीच हव्यात. अशा पाठराखणीचे पाच प्रकार त्यांनी सांगितले आणि त्या रचनेला ‘रेड’ हे नाव रूढ झाले. पहिला प्रकार म्हणजे आरसा, जे डावीवर तेच उजवीवर.

या पहिल्या प्रकाराची किंमत उघड आहे. ४ टेराबाइटच्या दोन डिस्क घेतल्या तरी जागा मिळते ४ टेराबाइटचीच. एक लहान आणि एक मोठी घेतली तर लहानीएवढीच. निम्मा पैसा ‘वाया’ जातो असे हिशेबी गृहस्थ म्हणतात. ते कारखान्यातल्या राखीव यंत्राविषयी असे म्हणत नाहीत.

खरे तर घराला आणि शाळेला फार मोठी डिस्क लागतही नाही. ए-फोर आकाराचे एक पान ३०० डीपीआयने रंगीत स्कॅन केले तर, कसलेही आकुंचन न करता, ते सुमारे २६ मेगाबाइट होते. एखाद्या संस्थेची वर्षाला २०० पाने जपण्याजोगी धरली, तर ६० वर्षांची १२,००० पाने झाली. सगळी मिळून सव्वातीनशे गिगाबाइटच्या आत. आज बाजारात मिळणाऱ्या साध्या १ टेराबाइटच्या डिस्कचा तिसरा हिस्साही भरत नाही. डिस्कचा खर्च हे कारण पुढे करणाऱ्यांनी एकदा हा गुणाकार करून पाहावा.

आता प्रत्यक्ष जुळणीकडे वळू या. मदरबोर्डवर सॅटा जोडणीच्या पुरेशा जागा, कॅबिनेटमध्ये साडेतीन इंची डिस्कांचे दोन कप्पे आणि त्यांच्यावरून वारा जाईल असा पंखा एवढे पाहून घ्यावे. भिलाईचा मे महिना आणि हवेतली धूळ लक्षात घेता पंख्याची जाळी काढता-धुता येणारी असावी. संगणक चालवणारी प्रणाली वेगळ्या छोट्या एसएसडीवर ठेवावी. ती बिघडली तर पुन्हा बसवता येते. आरसा हवा तो पुन्हा न मिळणाऱ्या गोष्टींसाठी. दोन्ही डिस्क एकाच दुकानातून, एकाच खोक्यातून, एकाच दिवशी घेण्याचा मोह टाळावा. एकाच घाणीतल्या दोन विटांना एकच दोष असण्याची शक्यता असते, आणि जुळ्या डिस्क एकाच सुमारास आजारी पडल्या तर आरशाचा उपयोग काय? शिवाय हल्ली काही डिस्कांवर लेखनाचे पट्टे कौलारू छपरासारखे एकमेकांवर थोडे चढवून आखलेले असतात. जागा वाढते, किंमत उतरते. पण मधले एक कौल बदलायचे तर शेजारची उचलावी लागतात, तसे या डिस्कचे पुनर्लेखन रेंगाळते. आरशासाठी अशी कौलारू डिस्क घेऊ नये. दुकानदाराला हे स्पष्ट विचारावे, आणि उत्तर टाळले गेले तर दुसरे दुकान पाहावे.

डिस्क कप्प्यात बसवण्यापूर्वी एक अगदी साधे काम असते, आणि तेच बहुतेक जण करत नाहीत. प्रत्येक डिस्कच्या अंगावर तिचा अनुक्रमांक छापलेला असतो. त्याची शेवटची चार अक्षरे मोठ्या अक्षरांत चिठ्ठीवर लिहून ती, कप्पा उघडताच दिसेल अशी, चिकटवावी. संगणक डिस्कांना जी नावे देतो ती जोडणी बदलली की अदलाबदल होऊ शकतात. अनुक्रमांक बदलत नाही. पुढे एक डिस्क बिघडेल तेव्हा घाईत, टॉर्चच्या उजेडात, चांगली डिस्क उपटून बिघडलेली आत ठेवण्याचा पराक्रम जाणत्या माणसांच्याही हातून घडतो. चार अक्षरांच्या चिठ्ठीने तो टळतो.

आरसा कोणाकडून करून घ्यायचा, याचे तीन मार्ग आहेत. मदरबोर्डच्या बायोसमध्येच ती सोय असते. दिसायला सोपी, पण उद्या मदरबोर्ड जळला तर त्याच जातकुळीचा बोर्ड शोधत फिरावे लागते. विंडोजमध्ये ‘स्टोरेज स्पेसेस’ नावाची व्यवस्था आहे; तिच्यात दोन डिस्क निवडून ‘टू-वे मिरर’ म्हटले की काम होते. लिनक्समध्ये ‘एमडीअॅडम’ हे साधन आहे. त्याने बांधलेली जोडी उचलून दुसऱ्या कुठल्याही लिनक्स संगणकात लावली तरी ती उघडते. तिसरा मार्ग शिकायला थोडा कष्टाचा, पण दीर्घकाळ जपायच्या दप्तरासाठी तोच श्रेयस्कर म्हणावा लागेल. कोणताही मार्ग घेतला तरी जोडी बांधताना डिस्कवर आधी असलेले सारे पुसले जाते. म्हणून जुनी, भरलेली डिस्क या कामात घेऊ नये. तिच्यावरचे सामान आधी तिसरीकडे उतरवावे आणि मगच नव्या जोडीवर आणावे.

जोडी बांधून झाली की लगेच फोटो ओतायला सुरुवात करू नये. आधी तालीम करावी. चार निरुपयोगी फाइली ठेवून संगणक बंद करावा, एका डिस्कची तार काढावी आणि पुन्हा सुरू करावा. फाइली दिसल्या पाहिजेत. मग ती डिस्क परत जोडून आरसा पुन्हा पूर्ववत होतो का ते पाहावे. तेच दुसऱ्या डिस्कच्या बाबतीत. हे करताना मुले हसतात, वडीलधारी माणसे अस्वस्थ होतात. पण नाटकाची रंगीत तालीम न करता पडदा उघडणारी शाळा कुणी पाहिली आहे काय?

आरशाचे खरे बळ किती, हे एका प्रश्नात सामावले आहे. पहिली डिस्क गेल्यापासून तिच्या जागी नवी येऊन पूर्ण भरेपर्यंत किती वेळ जातो? त्या मधल्या वेळात घर पुन्हा एकाच डिस्कवर उभे असते. ४ टेराबाइटची डिस्क सेकंदाला सरासरी १५० मेगाबाइट या वेगाने भरायची तर सुमारे साडेसात तास लागतात. शेजारी दुसरे काम चालू असेल तर अधिक. हे साडेसात तास टाळता येत नाहीत. पण त्याआधीचे दिवस, आठवडे, कधी महिने केवळ माणसाच्या दुर्लक्षाचे असतात. आरशाचा मोठा गुण असा, की एक डिस्क गेली तरी संगणक चालू राहतो. आणि मोठा अवगुणही तोच. घरच्यांना काही कळत नाही. फोटो उघडतात, गाणी वाजतात, आणि एक डिस्क वर्षभरापूर्वीच मेलेली असते. लिनक्समध्ये जोडीची स्थिती पाहिली तर दोन ‘यू’ अक्षरे शेजारी दिसतात. एकाच्या जागी नुसती आडवी रेघ दिसली तर ती डिस्क गळाली असे समजावे. डेबियन आणि तिच्या कुळातील प्रणालींत महिन्याच्या पहिल्या रविवारी दोन्ही डिस्क एकमेकींशी ताडून पाहण्याची व्यवस्था आपोआप लागलेली असते. त्याच रविवारी घरातल्या कुणीतरी पडद्याकडे नजर टाकावी. संकष्टी लक्षात राहते, तर हेही राहील.

इथपर्यंत आरशाची स्तुती झाली. आता त्याच्याकडून काय अपेक्षू नये तेही पाहावे, आणि त्यासाठी थोडे मागे, पोथ्यांच्या काळात जाणे उचित ठरेल.

जुन्या पोथीच्या शेवटी लेखनिक एक विनवणी लिहून ठेवत. पुढे असलेली पोथी जशी दिसली तशी उतरवली, चूकभूल असेल तर दोष लेखनिकाला देऊ नये, असा तिचा आशय. आरसा-डिस्क हा असा लेखनिक आहे. मालकाने चुकून एक फाइल पुसली, की दुसऱ्या डिस्कवरूनही ती त्याच क्षणी पुसली जाते. नातवाने आजोबांच्या फोटोवर मिशा रंगवून ‘सेव्ह’ केले, की मिशा दोन्हीकडे. फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणारा विषाणू शिरला, तर आरसा तेही इमानाने दोन्हीकडे उतरवतो. वीज पडली, चोर आला, पाणी शिरले, तर एकाच पेटीतल्या दोन्ही डिस्क एकदमच जातात. म्हणून जाणकार बजावून सांगतात, की आरसा म्हणजे बॅकअप नव्हे.

दुसरा पेच अधिक सूक्ष्म आहे. दोन डिस्क ताडून पाहिल्या आणि एका ठिकाणी त्या जुळल्या नाहीत, तर खरी कुठली? साध्या आरशाला ते सांगता येत नाही. दोन साक्षीदार परस्परविरुद्ध बोलले तर न्यायाधीशाने काय करावे? शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, एकनाथ महाराजांनी ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत सिद्ध केली, तेव्हा तीनशे वर्षांत शिरलेले पाठभेद त्यांच्यापुढे होते; अनेक प्रती समोर असल्यावाचून आणि विवेक जागा असल्यावाचून ते काम झाले नसते. पुण्याच्या भांडारकर संस्थेत महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध झाली तीही शेकडो हस्तलिखिते ताडूनच. यावर जुन्या लेखनिकांपाशी आणखी एक युक्ती होती, ती ‘ग्रंथसंख्येची’. बत्तीस अक्षरांचे एक माप धरून सबंध पोथी किती मापांची आहे, हे शेवटी लिहून ठेवत. मोजमाप जुळले नाही की काही गळाले किंवा घुसले, हे कळे. आजच्या झेडएफएस किंवा बीटीआरएफएस या फाइल-व्यवस्था प्रत्येक तुकड्याची अशीच एक अंकखूण लिहून ठेवतात. दोन प्रतींत तंटा झाला की खुणेशी जुळणारी प्रत खरी मानून दुसरी दुरुस्त करतात. घरच्या आरशासाठी या व्यवस्थांचा विचार जरूर करावा. ज्यांना ते अवघड वाटेल त्यांनी निदान महत्त्वाच्या फाइलींची अंकखुणांची यादी करून वहीत ठेवावी.

आणि एकच प्रत असण्याचा अनर्थ मराठीला तिच्या आरंभीच भोगावा लागला आहे. तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात विदर्भातील रिद्धपूर येथे म्हाइंभटांनी गावोगाव हिंडून, ज्यांनी प्रत्यक्ष पाहिले-ऐकले त्यांना विचारून, चक्रधरस्वामींच्या आठवणी गोळा केल्या. तो ‘लीळाचरित्र’ हा मराठीतील आद्य गद्यग्रंथ. पुढे परचक्राच्या धामधुमीत ती मूळ पोथी नाहीशी झाली. ग्रंथ वाचला तो, पंथातील काही जणांना तो मुखोद्गत होता म्हणून. हिराइसेसारख्या विलक्षण स्मरणशक्तीच्या स्त्रीने आणि इतरांनी आठवून आठवून तो पुन्हा उभा केला. आठवणी निरनिराळ्या, म्हणून पाठही निरनिराळे झाले. पण ग्रंथ राहिला. दुसरी प्रत कागदावर नव्हती, ती माणसांत होती.

लोकमान्य टिळकांच्या ‘गीतारहस्या’चेही असेच स्मरण होते. मंडालेच्या तुरुंगात पेन्सिलीने लिहिलेल्या त्या वह्या १९१४ मध्ये सुटकेनंतर काही काळ सरकारच्याच ताब्यात होत्या. त्या परत न मिळाल्या तर ग्रंथ पुन्हा लिहून काढण्याची लोकमान्यांची तयारी होती. वह्या मिळाल्या आणि १९१५ मध्ये ग्रंथ निघाला. तो हिंदीत नेला तो माधवराव सप्रे यांनी. याच छत्तीसगढातील पेंड्रा येथून १९०० मध्ये ‘छत्तीसगढ मित्र’ काढणाऱ्या मराठी माणसाने. अशी स्मरणशक्ती आणि असे अनुवादक प्रत्येक घराला लाभत नाहीत. तिथे डिस्कच घ्यावी लागते.

महानुभावांच्या कथेला आणखी एक पदर आहे. ग्रंथ परक्यांच्या हाती पडू नयेत म्हणून त्यांनी ते सकळ, सुंदरी अशा सांकेतिक लिप्यांत लिहिले. प्रती सुखरूप राहिल्या. मात्र पंथाबाहेर कुणालाच त्या वाचता येईनात. विसाव्या शतकाच्या आरंभी इतिहासाचार्य राजवाड्यांसारख्या संशोधकांनी त्या लिपीचा उलगडा केला, तेव्हा मराठीचे एवढे मोठे धन जगापुढे आले. हा प्रसंग आजच्या भिलाईत घडत नाही असे कुणी समजू नये. वीस-पंचवीस वर्षांपूर्वी संगणकावर जुळवलेले मराठी लेखन बहुतांशी युनिकोडमध्ये नाही. ते श्रीलिपी, कृतिदेव अशा फाँटांत आहे. ती फाइल दोन डिस्कांवर, दहा डिस्कांवर जरी जपली, तरी तो फाँट नसलेल्या संगणकावर उघडताच पडद्यावर रोमन अक्षरांचा आणि चिन्हांचा निरर्थक सडा दिसतो. देवनागरीला युनिकोडमध्ये १९९१ पासूनच स्थान आहे. वापर मात्र उशिरा रुळला. जुन्या स्मरणिका, इतिवृत्ते, एकांकिका यांच्या अशा फाइली ज्यांच्यापाशी असतील, त्यांनी त्या आताच, फाँट ओळखणारी माणसे आणि तो फाँट असलेले संगणक हाताशी आहेत तोवर, युनिकोडमध्ये बदलून घ्याव्यात आणि जोडीला पानाचे चित्रही ठेवावे. डिस्कला पासवर्ड घातला असेल तर तो घरातल्या आणखी एका माणसाला ठाऊक असावा. वडिलांबरोबर पासवर्डही गेला आणि दोन धडधाकट डिस्क हाती असूनही घरच्यांना एक फोटो उघडता आला नाही, अशी घरे आहेत.

राहिली तिसरी प्रत. पीटर क्रोग या अमेरिकी छायाचित्रकाराने लोकप्रिय केलेला एक साधा नियम आहे. प्रती तीन असाव्यात, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर असाव्यात आणि त्यांतली एक गावाबाहेर असावी. आरसा हे त्यातले पहिले घर झाले. तिसरी प्रत इंटरनेटवरच्या भाड्याच्या जागेत ठेवता येते. तिचे भाडे भरणारा माणूस बदलला की काय होते, याचा विचार मात्र संस्थांनी आधी करावा. त्याहून साधा मार्ग म्हणजे यूएसबीने लागणारी एक सुटी डिस्क. महिन्यातून एकदा ती जोडावी, नवे ते उतरवून घ्यावे आणि काढून ठेवावी. कायम जोडून ठेवली तर विषाणू आणि वीज यांना तीही सापडते.

नागपुरात आणि पुण्यात मराठीचे पुस्तक हरवले तर दुसरे ग्रंथालय असते. भिलाईत मराठीत जे लिहिले गेले ते बहुधा भिलाईतच आहे, आणि एकदाच आहे. शाळेचे हस्तलिखित मासिक म्हणजे एकच प्रत. स्नेहसंमेलनाची निमंत्रणपत्रिका कुणाच्या तरी ट्रंकेत एकच. ज्याला येथील सरकारी भाषेत दाखिल-खारिज पंजी म्हणतात, त्या नोंदवहीत साठ वर्षांच्या मुलांची नावे, त्यांच्या वडिलांचे व्यवसाय, कुठल्या गावाहून ती आली त्या गावांची नावे आहेत. विदर्भातून आणि त्याहून दुरून पोलादाच्या मागे आलेल्या कुटुंबांचा तो एकमेव लेखी माग. शाई फिकट झाली आहे, काही पानांचे कोपरे झिजले आहेत. त्या नावांची मराठी मुळाक्षरे ज्यांना सहज वाचता येतात, ती मुलेही दरवर्षी थोडी कमी होत आहेत. यंदा या वह्या स्कॅन करून दोन डिस्कांच्या जोडीवर ठेवायच्या, तर स्कॅनरपाशी बसायला आणि पुसट नावे वाचून नोंदवायला माणसे हवीत. हे काम जुन्या विद्यार्थ्यांखेरीज कुणाला जमणार? पुसट झालेले नाव पुष्कळदा त्यांच्याच शेजारच्या बाकावर बसलेले असते.

तिसरी डिस्क भिलाईत राहू नये. दुर्गाहून नागपूर रेल्वेने अडीचशे किलोमीटरहून थोडे अधिक. शिवनाथ एक्सप्रेसने इतवारीला जाणारा कुणी ना कुणी प्रत्येक महिन्यात असतोच. जाड कापडात गुंडाळलेली, वर तारीख आणि अनुक्रमांक लिहिलेली ती डिस्क त्याच्या पिशवीत द्यावी; नागपूरच्या घरी कपाटात आधीची जी असेल, ती परतीच्या गाडीने घेऊन यावी.